फलकावरची सातवी ओळ

स्टेडियमला पन्नास वर्षं पूर्ण होत असल्याने त्याचा इतिहास ब्राँझच्या फलकावर नऊ ओळींत कोरावा, असा ठराव शहर परिषदेने एकमताने संमत केला. एकमत तिथवरच टिकलं. या एकाच मैदानावर शहरातले दोन बेसबॉल संघ आळीपाळीने खेळत, टॅनर्स आणि हेरन्स, आणि दोघांनाही ते आपल्याच बापजाद्यांचं वाटे. सबब समिती नेमण्यात आली. ज्या ओळीवर कोणत्याही एका संघाची हरकत येईल ती वगळावी, असा नियम ठरला.

सातवी ओळ काझिमिर वोयतोविचची होती: ‘यांनी अडतीस वर्षं हे मैदान राखलं.’ इतर शहरांत संघ दौऱ्यावर गेला की मैदान राखणाऱ्याला सुट्टी असते. इथे एक संघ जाई तोवर दुसरा येई. पोरीच्या लग्नालासुद्धा काझिमिर पोचला तेव्हा केक संपला होता. ‘एकदा नाव कोरलं जाऊ दे, बायकोला, हलीनाला, आणून दाखवतो,’ असं तो सगळ्यांना सांगे.

समितीचं काम शिस्तीत चाललं. ‘टॅनर्सनी बांधलं’ यावर हेरन्सची हरकत आली. ‘नंतर हेरन्स आले’ यावरही हेरन्सचीच, कारण ‘नंतर’. मग दोघांची विजेतेपदं गेली. सातव्या ओळीला टॅनर्सचा प्रतिनिधी उठला.

“हा माणूस त्यांचा आहे. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पायाखालचा उंचवटा यानेच त्यांच्यासाठी खाली केला.”

“आणि तुमच्यासाठी वर कोणी केला?” हेरन्सवाला म्हणाला.

“दोघांसाठी केलं, साहेब,” दाराशी उभा असलेला काझिमिर म्हणाला. “तुम्हीच सांगायचात. या आठवड्यात चढव, पुढच्या आठवड्यात उतरव. फावडं मारून कंबर गेली माझी.”

“म्हणजे कबूल आहे!” दोघेही एकदमच म्हणाले.

अध्यक्ष प्रुइट साहेब मनाने भले होते. “खचू नका. कुठल्याच संघाशी संबंध नसल्याचा दाखला आणा. सामन्यांच्या दिवशी आपण मैदानावर नव्हतात, एवढं कोणी सांगितलं तरी पुरे.”

“मी नव्हतो, तर मैदान राखलं कोणी?”

“तो इतिहासाचा प्रश्न झाला. आपण दाखल्याबद्दल बोलतोय.”

साक्षीला बायकोलाच बोलावण्यात आलं.

“सामन्यांच्या दिवशी हे घरी असत?”

“घरी?” हलीना उसळली. “अडतीस उन्हाळे त्याचं सूप मी एकटीने ताटकळत थंड केलंय! घरी म्हणे!”

प्रुइट साहेबांनी नोंद केली: ‘घरी आढळले नाहीत. मैदानावर असल्याचे उभय संघांस मान्य नाही.’ सातवी ओळ वगळण्यात आली.

जिना उतरताना हलीनाने थट्टेनेच विचारलं, “काय रे काझिक, मग एवढी वर्षं होतास तरी कुठे?” काझिमिर पायरीवर बसला आणि त्याला रडू फुटलं. तिलाही आपण काय बोलून गेलो ते उमगलं, आणि ती त्याच्या शेजारी टेकली.

फलकाचं अनावरण थाटात झालं. त्यावर समितीच्या सदस्यांची नावं तेवढी होती, कारण त्यांना कोणाची हरकत नव्हती. दोन्ही संघांच्या पाठीराख्यांनी फलक बारकाईने वाचला, समोरच्याचं नाव नसल्याची खात्री केली आणि मनापासून टाळ्या वाजवल्या.

आपण सुज्ञ वाचक, आपल्याला अर्थातच काझिमिरबद्दल वाईट वाटलं असेल. फक्त एक शंका मघापासून मनात घोळत असेल, ती आपल्या वतीने आम्हीच विचारून टाकतो: पण खरं सांगा, आतून तो होता कोणाचा?