काकांची पंचविशी

आमच्या शेजारच्या किसनकाकांना कुणी जय भीम केला, की ते जय भीम म्हणतात आणि त्याच दमात वय विचारतात. समोरचा पंचविशीच्या आसपासचा निघाला तर त्याची धडगत नसते.

"पंचवीस? अन् काय केलंस आतापर्यंत?"

तो बिचारा डोकं खाजवेपर्यंत काकांचं सुरू. काका एसटीतले रिटायर कंडक्टर. पंचविशीत त्यांनी येलदरी धरणाच्या पाण्यात बुडणारा माणूस काढला, गंगाखेडच्या गाडीत बाळंतपण निभावलं, लग्नाच्या वऱ्हाडातली मारामारी नुसता तिकिटाचा चिमटा वाजवून थांबवली. हे सगळं खरं धरलं तर काका निदान दहा वर्षं पंचवीसचेच असले पाहिजेत. पण आमच्या अख्ख्या पालम गावात हे त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

मी परभणीला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून, नापास होऊन, नेमकी पंचविशीतच घरी परतले. बरोबरीची एक तलाठी झालेली, दुसरीची पोरगी शाळेत जाणारी. काकांना चुकवायला मी मागच्या दाराने ये-जा करायचे. एकदा त्यांनी तिथेच गाठलं.

"काय केलंस आतापर्यंत?"

"काहीच नाही," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

काका पार गडबडले. "रडू नको माय. ते किस्से समदे चाळिशीतले हायत. पंचविशीत मी घरातच बसून होतो. माय भाकर वाढायची, इचारायची न्हाई काही." मग खाली बघत म्हणाले, "जेवलीस का? जवसाची चटणी हाय."

काकू गेल्यापासून काका एकटेच. त्या दिवसापासून दुपारची भाकरी मी त्यांच्याकडे खाऊ लागले. भाकरी ते स्वतः थापायचे. मध्ये करपलेली, कडेला कच्ची. पण तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या भाकरीच्या जोरावर मी पुन्हा पुस्तकं उघडली. काकांचे हे उपकार फिटायचे नाहीत.

भावाच्या साखरपुड्यात आत्याने भर पंगतीत विचारलं, "पंचविशी उलटली की हिची. पोरगी करायली तरी काय?"

आईने मान खाली घातली.

पलीकडून काका म्हणाले, "बायको गेल्यावर मी दुपारचं जेवणच सोडलं होतं. एकट्यासाठी चूल पेटवावी वाटायची न्हाई. ही यायली म्हणून मी जेवायलोय."

आईने डोळे पुसले आणि काकांच्या ताटात, ते नको नको म्हणत असताना, आणखी एक जिलेबी वाढली.