बसलेल्यांची खूण

जमिनीपेक्षा नकाशा जास्त भरवशाचा असतो, कारण नकाशात चिखल होत नाही, गवत वाढत नाही आणि बांधावर कोणी भांडायला उभं राहत नाही. हे ओळखूनच चिंचणूर नगरपंचायतीनं गावचा नकाशा मोबाइलच्या ॲपवर आणला आणि त्यावर रेघोट्या ओढायचा अधिकार तमाम नागरिकांना दिला. पूर्वी हा अधिकार एकट्या पटवाऱ्याला होता (तो निदान रेघ ओढण्याआधी दारात येऊन चहा पीत असे).

ॲपमध्ये चार आकार, नऊ रंग आणि सव्वीस खुणा होत्या. बोटानं आकार ओढायचा, रंग भरायचा, मधोमध खूण ठेवायची आणि नाव द्यायचं. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर आकार कायम. पहिल्या आठवड्यात ४१२ आकार निघाले. १९० जणांनी आपल्या घराभोवती चौकोन काढले. त्यातल्या १७० जणांची बोटं जाड असल्यानं शेजाऱ्याची ओसरी आत आली. (उरलेले वीस भाडेकरू होते.) एकानं साऱ्या गावाभोवती गोल ओढून आत स्वतःचं नाव लिहिलं. तो निवडून आलेला असल्यानं हरकत आली नाही.

नागम्मांची अठ्ठ्याहत्तर वर्षं नकाशावाचून गेली होती. कोणी पत्ता विचारला की त्या सांगत, चिंचेपासून डावीकडं. चिंच पडून चाळीस वर्षं झाली होती, पण माणसं बरोबर तिथंच वळत. अशा बाईला सून सुकन्यानं एका सकाळी फोन दाखवला. ओढ्याकाठची रुद्रभूमी हिरवीगार झाली होती. मधे फुग्याची खूण आणि खाली नाव, ‘नियोजित बालोद्यान’. सोळाव्या दिवशी जेसीबी येऊन जागा सपाट करणार होता. आज चौदावा दिवस होता.

रुद्रभूमी म्हणजे लिंगायतांची शेवटची जागा. तिथं माणसाला जाळत नाहीत, आडवंही करत नाहीत. मांडी घालून, ध्यानाला बसल्यासारखं बसवतात आणि वर समाधी बांधतात. नागम्मांचे मालक वीरण्णा नऊ वर्षांपूर्वी तिथं बसले. त्यांच्या शेजारची कडुलिंबाखालची जागा नागम्मांची, हे सगळ्या समाजाला ठाऊक होतं. म्हणजे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

हिरवा रंग रुद्रेशनं भरला होता. ओढ्यापलीकडं त्याचे प्लॉट पडले होते आणि स्मशानासमोरच्या प्लॉटपेक्षा बागेसमोरचा प्लॉट लवकर उठतो. रुद्रेशही समाजाचाच. त्याचे आजोबा तिसऱ्या ओळीत, प्लॉटकडं तोंड करून बसले आहेत. नातवाची प्रगती त्यांना समोरूनच दिसते.

नागम्मा सुनेला घेऊन नगरपंचायतीत गेल्या. नकाशा कक्षाचे प्रमुख रामकिशन (कक्षात दुसरं कोणी नव्हतं) यांनी नियम समजावला. एकदा ओढलेला आकार पुसता येत नाही, हरकत म्हणून त्यावर दुसरा आकार ओढता येतो आणि तो ओढला की खालच्या आकाराचं काम थांबतं. दुसऱ्या आकाराला खूण लागते. अंत्यविधीच्या खुणा तीन होत्या. क्रूस, चंद्रकोर आणि ज्वाला.

“ज्वाला ठेवू का, आजी?”

“आमच्यात जाळत न्हाईत.”

“मग पुरतात?”

“बसवतात.”

रामकिशननं सव्वीस खुणा पुन्हा वरून खाली पाहिल्या. फुगा, पेट्रोल पंप, घोडा, वाचनालय. शेवटून दुसरी खूण बाकड्यावर बसलेल्या माणसाची होती. तिचं नाव ‘विसावा’.

नागम्मांनी चष्मा पुसून ती खूण बराच वेळ पाहिली. माणूस ताठ बसला होता, मान किंचित खाली. “असेच बसलेत आमचे मालक,” त्या म्हणाल्या. “बाकडं तेवढं न्हाई.” सरकारला त्यांच्या समाजाची रीत इतकी अचूक कळल्याचा प्रसंग त्यांच्या आठवणीत हा पहिलाच होता. सुकन्यानं तिथंच उभं राहून हिरव्यावर पिवळा आकार ओढला. रुद्रेशनं हरकत घेतली नाही, कारण तो त्या पंधरवड्यात शाळेच्या मैदानाभोवती आकार ओढण्यात गुंतला होता. बालोद्यान गेलं आणि विसावा कायम झाला.

खूण कायम झाली की तिच्यामागून फॉर्म येतो. विसाव्याच्या फॉर्ममध्ये एकच मोठा रकाना होता: ‘सध्या बसलेल्या व्यक्तींची नावे’. हा रकाना भरील असं गावात एकच माणूस होतं. नागम्मा ओसरीवर बसून तीन दिवस नावं सांगत होत्या आणि सुकन्या ती फोनमध्ये घालत होती. कोण कोणाच्या शेजारी, कोण प्लेगात बसलं, कोण पोलीस ॲक्शनच्या साली, कोणती जाऊ कोणत्या जावेपासून मुद्दाम दूर बसवली. नावं भरली दोनशे चौदा.

पुढचं आपोआप झालं. विसाव्याची वेळ: चोवीस तास. सरासरी मुक्काम: कायम. परत गेलेले: शून्य. जिल्ह्यातल्या एकाही विसाव्याला असे आकडे गाठता आले नव्हते. चिंचणूरचा विसावा पहिला आला आणि रामकिशनचा नारळ देऊन सत्कार झाला. गावातल्या पंचाक्षरी मास्तरांनी ॲपवर पाचपैकी चार तारे दिले. ‘शांतता उत्तम. कोणी जागेवरून उठत नाही. चहाची सोय हवी.’

मग ती जागा लाल झाली. नियमानं त्या आकारमानाच्या विसाव्यात दोनशे चौदाच माणसं बसू शकत होती. जागा पूर्ण भरलेली, नवीन व्यक्तीस प्रवेश नाही. हे वाचून ब्याऐंशी वर्षांचे मलप्पा काठी टेकत नागम्मांच्या ओसरीवर आले.

“वैनी, आता आपण जायचं कुठं?”

“मला न्हाई घोर,” नागम्मा सुपारी कातरत म्हणाल्या. “दोनशे चौदावं नाव वाचा.”

मलप्पांनी वाचलं. नागम्मा भ्रतार वीरण्णा, कडुलिंबाखाली.

दुसऱ्या दिवशी रामकिशन स्वतः घरी आला. पुरस्काराची तपासणी लागली होती आणि यादीतली एक व्यक्ती बाजारात भेंडी निवडताना दिसली होती.

“आजी, तुम्ही तर जित्या हायेत.”

“मी कुठं न्हाई म्हणले? फॉर्ममध्ये कुठं विचारलंय, ते दाखव.”

रामकिशननं फॉर्म वरून खाली तीनदा पाहिला. नाव होतं, जागा होती, बसल्याचा प्रकार होता. जिवंत की मृत हा रकाना नव्हता. नागम्मांनी त्याला समोर बसवून चहा पाजला आणि यादी तशीच वर गेली. त्यांची जागा आता पक्की आहे. रोज संध्याकाळी त्या कडुलिंबाखाली जाऊन तासभर बसून येतात, नोंद खोटी पडू नये म्हणून. मलप्पा सोबत जातात. त्यांनी पुढच्या वाढीव आकारासाठी अर्ज केला आहे.

आता ही यंत्रणा बरीच सुधारली आहे. यादी सांगायला म्हातारी माणसं लागत नाहीत. ज्याचा फोन बराच वेळ एका जागेवरून हलत नाही, त्याच्या ठिकाणी बसलेल्या माणसाची खूण आपोआप उमटते. रकाना अजूनही घातलेला नाही. जिवंत कोण ते त्या खुणेवरून कळत नाही आणि कळण्याची गरजही आजवर कोणाला पडलेली नाही.

ही गोष्ट सुरू झाल्यापासून आपण एकाच जागी, मान खाली घालून बसला आहात. हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत. अर्ज लागत नाही, उठून चार पावलं चालून दाखवलं तरी पुरतं. रामकिशनच्या नोंदीनुसार अशी हरकत अद्याप एकही आलेली नाही.