अल्फारेटातल्या मंत्रिमंडळाची गळती

"ह्या जॉर्जियात कुठेही शिरू शकतील अशा दोनच गोष्टी आहेत," परीक्षित घारपुरे नव्या माणसाचा हात हातात घेऊन सांगत, "एप्रिलमधले परागकण आणि माझी नजर. परागकणांवर निदान गोळी मिळते."

समोरचा हात सोडवून घेईपर्यंत ते पुढचंही सांगून टाकत. दिवसा ते अटलांटाशेजारच्या अल्फारेटा गावातल्या एका कंपनीत इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत आणि संध्याकाळी इतरांच्या आयुष्यातल्या. "गुन्हेगार आणि प्रोग्रॅमर ह्यांच्यात फरक एकच. गुन्हेगार कधीतरी कबूल करतो." त्यांच्या नावावर दोन मोठी प्रकरणं जमा होती. तिथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकमधून नाहीसा झालेला मोठा कुकर त्यांनी महिनाभर शोधला आणि अखेर शोधून काढला. तो त्यांच्याच गाडीच्या डिकीत होता, पण शोधला तो शोधलाच. दुसऱ्या वेळी एका घराभोवती घुटमळणारा संशयित इसम त्यांनी पोलिसांच्या हवाली केला. तो त्या घरचा होणारा जावई निघाला. लग्न झालं, पण परीक्षितना आमंत्रण आलं नाही. "साक्षीदाराला लोक टाळतातच," ते म्हणत.

तर अशा ह्या माणसाच्या नाकासमोर एक अख्खं ब्रिटिश सरकार कोसळलं. ते नाक काही लक्षात ठेवू नका, त्याचा ह्या प्रकरणात कवडीचा उपयोग झाला नाही.

गोष्ट दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यातली. तिकडे लंडनमध्ये ब्रेक्झिटचा घोळ चालला होता. युरोपातून बाहेर पडायचं हे ठरलं होतं, कसं पडायचं हे ठरत नव्हतं, आणि मधल्या वेळात मंत्रीच एकेक करून सरकारातून बाहेर पडत होते. बातम्या बघता बघता मंडळातल्या दीपा साठेला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं. "अरे, हे तर आपल्याकडचे पाहुणे!" ती म्हणाली. "निघतो निघतो म्हणत सोफ्यावरून उठायचं आणि चपला घालून तासभर दारात उभं राहायचं! यजमान जांभया देतायत, पोरं गाडीत झोपलीयत, आणि हे दारात मॉर्गेजचे रेट बोलतायत."

ह्या कल्पनेवर तिनं दोन अंकी नाटक लिहिलं, 'निघतो, निघतो'. लिहायला फार त्रास झाला. रात्री एक राजीनामा लिहून ती झोपली की सकाळपर्यंत लंडनमध्ये आणखी दोन झालेले असत. शेवटी तिनं खऱ्या सरकारशी स्पर्धा सोडली आणि आपलं खोटं, पण टिकाऊ सरकार बांधलं.

दीपा पुण्याला कॉलेजात नाटकं गाजवून आलेली. इथे आधी नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसली, मग मुलं, मग नोकरी. इतक्या वर्षांत ती स्टेजवर चढली ती फक्त मंडळाच्या माइकची बॅटरी बदलायला. ह्या गणेशोत्सवात तिला पहिल्यांदा प्रयोग मिळत होता.

तालमी दर रविवारी तिच्याच घरी, गराजच्या वरच्या जादा खोलीत, म्हणजे बोनस रूममध्ये, चालत. विंग म्हणजे जिना. मंत्र्यानं राजीनामा द्यायचा आणि जिना उतरून जायचं, इतकं सोपं नेपथ्य. पंतप्रधान स्वतः दीपा. परराष्ट्रमंत्री संजय, ज्याचा आवाज फोन न लावताही शेजारच्या गावात जाई. अर्थमंत्री रत्ना. शेतीमंत्री प्रसन्न, जो परीक्षितच्या ऑफिसात होता आणि तपासात त्यांचा सहायक. युरोपच्या बाजूनं वाटाघाटी करायला प्रीता होती, अटलांटातच जन्मलेली दातांची डॉक्टर. "दात काढायची सवय आहे, डील तर सहज काढीन," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि प्रॉम्प्टर म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर संहिता घेऊन परीक्षित. ते तालीम संपेपर्यंत स्टूल सोडत नसत.

पहिल्या तालमी झकास झाल्या. मग मंत्रिमंडळाला गळती लागली.

म्हणजे राजीनामे संहितेत होतेच, पण ते दुसऱ्या अंकात. आता मंत्री पहिल्या अंकातच कलंडायला लागले.

"परराष्ट्रमंत्री, तुमचं मत?" दीपानं एका रविवारी विचारलं.

संजयचं इथे दोन पानी भाषण होतं. तो उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला, नाक जरा वर केलं आणि म्हणाला, "मॅडम, माझं मत जाऊ दे. मीच जातो." आणि धाडधाड जिना उतरून गेला.

"संहितेत नाही हे!" परीक्षित कोपऱ्यातून ओरडले.

"अर्थमंत्री, निदान तुम्ही तरी अर्थसंकल्प..."

"टेबलावर ठेवलाय, वाचून घ्या," रत्ना म्हणाली आणि साडी सावरत संजयच्या मागे गेली. पाठोपाठ प्रसन्न. देशाची शेती वाऱ्यावर सोडताना त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

खोलीत उरले ते पंतप्रधान, युरोप आणि प्रॉम्प्टर. दोन अंकी नाटक एका कप चहात संपलं होतं.

त्यातच देवांगचा फोन आला. देवांग मंडळाचा सांस्कृतिक सचिव, सौम्य माणूस, पण हातात वेळापत्रक असल्यामुळे भयंकर. "दीपाताई, पुढच्या रविवारी येऊन बघतो. नाटक पूर्ण लांबीचं हवं हं. नाहीतर स्लॉट नेत्राताईंच्या लेझीम-झुंबाला द्यावा लागेल. त्यांच्या दहा मुली रोज फोन करतात मला."

दीपा पंतप्रधानांच्या खुर्चीत मटकन बसली. "परीक्षितदादा, मी काय वाईट लिहिलंय का हो? कोणालाच माझ्या नाटकात थांबायचं नाही."

परीक्षित स्टुलावरून उठले. "मॅडम, ब्रिटनला आता कोणी वाचवू शकत नाही. पण तुमचं नाटक मी वाचवतो."

त्याच संध्याकाळी गाडीत त्यांनी प्रसन्नला पुरावे दाखवले. संजयच्या संहितेवर तेलकट अंगठा उमटला होता.

"तेल!" परीक्षित म्हणाले. "प्रसन्न, जगात जिथे जिथे सरकार पडतं, तिथे खोदा, खाली तेल निघतं."

"सर, त्याची गाडी लीक करत असेल."

"गाडी नाही, कॅबिनेट लीक करतंय. दुसरा पुरावा. राजीनामा देऊन गेलेला प्रत्येक माणूस तासाभरानं वर येतो तो कसा? डोळे लाल, नाकातून पाणी. हा पश्चात्ताप आहे. तुझेही डोळे आत्ता लाल आहेत."

"ॲलर्जी," प्रसन्न म्हणाला आणि त्याला उचकी लागली.

"उचकीसुद्धा! अपराधी मनाला उचकी लागते. तू घाबरू नकोस, तू माझा माणूस आहेस. तुला नकळत कोणीतरी वापरतंय."

तिसरा पुरावा सगळ्यांत भारी होता, आणि तोही भारी ह्या शब्दाला जागून. त्या वर्षी अल्फारेटातल्या तमाम मराठी मंडळींनी दिवसातून दोनदाच जेवायचं व्रत घेतलं होतं. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, मध्ये शेंगदाणासुद्धा नाही. ह्यासाठी 'दोनच वेळा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर दर सोमवारी सगळ्यांनी वजन टाकायचं. ॲडमिन अर्थातच परीक्षित. वाढदिवसाला केकचा तुकडा खाणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी फोटोवरून पकडून ग्रुपबाहेर काढलं होतं. केकवरची मेणबत्ती विझायच्या आत.

"आणि गेले काही आठवडे," परीक्षित आवाज खाली आणून म्हणाले, "मंत्रिमंडळाचं वजन वाढतंय. पंतप्रधान जिथल्या तिथे, युरोप ग्रुपमध्येच नाही, पण राजीनामा दिलेला एकूण एक मंत्री जड होतोय. तूसुद्धा. ह्याचा अर्थ काय?"

प्रसन्न पांढरा पडला. "काय सर?"

"मायक्रोफोन! तुमच्या अंगावर कोणीतरी यंत्रं लपवलीयत. तालमीची चोरून ध्वनिफीत निघतेय आणि ती जातेय लेझीम-झुंबाच्या मुख्यालयात. नेत्राताईंना मी परवा इंडियन ग्रोसरीत रत्नाशी कुजबुजताना पाहिलंय."

"कढीपत्ता संपलाय असं सांगत होत्या सर. मी तिथेच होतो."

"कढीपत्ता! सांकेतिक शब्दसुद्धा घरगुती ठेवलाय, बघ." आणि त्यांनी बराच वेळ समाधानानं स्टिअरिंगवर ताल धरला.

देवांग यायच्या दिवशी परीक्षित तासभर आधीच हजर झाले. हातात इथल्या लाकडी भिंतींतल्या फळ्या आणि खिळे शोधायचं यंत्र होतं, चित्र टांगायच्या आधी लोक भिंतीवर फिरवतात ते. त्यांनी मंत्रिमंडळाला रांगेत उभं केलं.

"हात वर," ते संजयला म्हणाले आणि यंत्र त्याच्या पोटावरून फिरवलं. यंत्र टीं टीं वाजलं.

"पट्टा आहे तो, यार!"

"परराष्ट्रमंत्री, पट्टा इतक्या पुढे येतो का?"

"काल येत नव्हता," रत्ना पुटपुटली.

"दादा, हे काय चाललंय?" दीपा रडकुंडीला आली होती. "देवांग निघालाय घरून!"

"मॅडम, दोन मिनिटं. ह्या खोलीत एक हेर आहे. त्याचं नाव मी..."

"काका, सीरियसली?" मागून प्रीता म्हणाली. ती भिंतीला टेकून युरोपची फाइल वारा घ्यायला वापरत होती. "इट्स द थालीपीठ. एव्हरीबडी नोज."

संजयनं वर केलेले हात खाली घेतले. यंत्र तेवढं टीं टीं करत राहिलं.

"कसलं थालीपीठ?" दीपा आणि परीक्षित एकदमच म्हणाले.

"खाली. मावशी बनवतात ना. जो रिझाइन करून खाली जातो त्याला गरम मिळतं. फर्स्ट वन गेट्स द लोणी. लेट गेलं तर बटर संपतं, अँड देन कोल्ड मिळतं. सो दे रिझाइन अर्ली. इट्स बेसिक इकॉनॉमिक्स."

दीपाची सासू, शुभामावशी, त्या उन्हाळ्यात नागपूरहून आली होती. बॅगेत भाजणी आणि बरणीभर ठेचा. रविवारी एक दमलाभागला माणूस जिना उतरून आला, तर मावशी त्याला कोरडा कसा बसू देतील? त्यांनी तवा ठेवला. पुढच्या रविवारी दुसरा जरा लवकर उतरला. कोथिंबिरीचा वास जिन्यानं वर चढत गेला आणि सरकार जिन्यानं खाली उतरत गेलं. दीपा शेवटपर्यंत स्टेजवर, तिला पत्ता नाही. बाकी सगळे 'दोनच वेळा'चे सभासद, त्यांनी ॲडमिनसमोर बोलायचं कसं? तेल, अश्रू, उचकी, वजन, सगळा हिशेब तव्यावर लागत होता.

"मग मला का नाही सांगितलंस?" परीक्षितनी प्रीताला विचारलं.

"यू नेव्हर आस्क्ड. तुम्ही युरोपला रांगेत घेतलंच नाही."

एवढ्यात मावशीच कमरेला पदर खोचून वर आल्या. त्यांनी सगळं खालून ऐकलं होतं, कारण त्या घरात जिन्याला कान होते. "काहून लपवता बाप्पा? खाल्लं त् खाल्लं. पण माझ्या सुनेचं नाटक माझ्याच तव्यापायी बुडतंय, हे मला कोणी सांगायचं?" त्यांनी उलथनं सगळ्यांवरून फिरवलं. त्या यंत्रापेक्षा ह्याचा परिणाम जास्त झाला. "आता ऐका. पंतप्रधानानं 'जाते' म्हटल्याशिवाय तव्याखाली गॅस पेटणार नाही. कोणी आधी आलं तर फुलके आहेत, कालचे."

बेल वाजली. देवांग आला.

नाटक सुरू झालं, आणि काय सांगू! आता लवकर जाऊन फायदाच नव्हता, त्यामुळे संजयनं दोन पानी भाषण स्वल्पविरामासकट केलं. रत्नानं अर्थसंकल्प वाचला. राजीनामे आले ते आपापल्या पानावर, शिस्तीत. पण दुसऱ्या अंकाच्या शेवटी खालून कांदा चिरल्याचा वास यायला लागला. मग भाजणी मळल्याचा. एसीच्या जाळीतून तो सरळ मंत्रिमंडळाच्या डोक्यावर पडत होता.

संहितेप्रमाणे शेवटच्या प्रवेशात पंतप्रधान एकटी दारात उभी राहून निघू की नको करते. पण राजीनामा देऊन गेलेले मंत्री जिन्यावरून परत वर आले.

"मॅडम, जा!" संजय गरजला. "देशाच्या पोटात आग पडलीय!"

"आता तरी जा हो!" रत्नाच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. "आणखी अंत पाहू नका आमचा!"

"जनता ताट घेऊन बसलीय!" शेतीमंत्री प्रसन्न गुडघ्यावर आला.

दीपाला एका क्षणात कळलं की आयुष्यात पुन्हा असे नट मिळायचे नाहीत. ती दाराशी गेली. चपला घातल्या. "निघते," म्हणाली. मंत्री जिन्याकडे सरकले. ती वळली. "पण निघण्याआधी एक सांगायचं राहिलं." मंत्र्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याही नाट्यशाळेत शिकवता येत नाही. तिनं पाणी मागितलं. खिडकीतून आकाश पाहिलं. मॉर्गेजचे रेट काढले. एक चप्पल काढून पुन्हा घातली. सगळं मंत्रिमंडळ हात जोडून तिच्याभोवती तळमळत होतं, आणि बारा वर्षं माइकची बॅटरी बदलणारी बाई त्या सगळ्यांना डोळ्यांनी धरून उभी होती.

"जाते मी," ती अखेर म्हणाली.

देवांग टाळ्या वाजवत उभाच राहिला. "दीपाताई! सत्तेची भूक काय दाखवलीत तुम्ही! स्लॉट तुमचा, आणि शनिवारी रात्रीचा. नेत्राताईंना मी सांगतो." शेवटचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मंत्रिमंडळ जिन्यावरून गडगडत खाली पोचलं होतं, आणि पाठोपाठ देवांगही, काय वास येतोय ते बघून येतो म्हणून.

वर दीपा राहिली, हातानं डोळे पुसत, हसत. आणि स्टुलावर परीक्षित.

"केस क्लोज्ड, मॅडम," ते संहिता मिटून म्हणाले. "मी नसतो तर..."

"दादा, तुम्ही होतात म्हणून तर सगळे लपवत होते!"

 खालून तव्यावर तेल सोडल्याचा चर्र आवाज आला. "कोणी राहिलं का वर?" मावशींनी हाक दिली. "लोणी संपत आलंय!"

परीक्षित उठले. कोट नव्हता, तरी कोटाची बटणं लावल्यासारखं केलं आणि घसा साफ केला.

"मॅडम, एकंदर परिस्थिती पाहता मी 'दोनच वेळा'च्या ॲडमिनपदाचा राजीनामा देत आहे," ते म्हणाले, आणि तो स्वीकारला जाण्याची वाट न बघता दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेले.