मोहाडीचा मुका बाजार

"मॅडम, मोहाडीत मले कुत्रंबी ओळखते! दहा काय, शंभर माणसं उभी करतो!" टेकचंदने छाती ठोकली. फोनवर ठोकलेली छाती समोरच्याला दिसत नाही, म्हणून जरा जोरातच ठोकली.

मोहाडीजवळच्या आंधळगावचा टेकचंद नागपूरच्या एका संशोधन संस्थेत तीन महिन्यांपासून कंत्राटावर होता. उघड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर उन्हातले न दिसणारे अतिनील किरण दिवसभरात किती पडतात आणि कानात गोंगाट किती जातो, हे संस्थेला मोजायचं होतं. त्यासाठी शर्टाच्या गुंडीएवढं एक यंत्र खांद्यावर आणि काडीपेटीएवढं दुसरं गळ्याशी लावायचं. माणसाने आपलं रोजचं काम करायचं. बस्स! "लोकांनी नेहमीसारखंच वागलं पाहिजे," कामिनी मॅडमनी दोनदा बजावलं होतं. हे जमलं तर कंत्राट वाढणार होतं.

होळी होऊन आठवडा झाला होता. बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला टेकचंदने पहिलं यंत्र सत्यभामाबाईंना लावलं. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन ताडपत्रीखाली बसणाऱ्या सत्यभामाबाईंची हाळी तहसील ऑफिसापर्यंत जायची.

"हे काय लावून राहिला बापू?"

"मावशी, तुमाले ऊन किती लागते अन् आवाज किती होते, ते मोजते हे."

"मोजून काय करते?"

अजून नऊ माणसं बाकी होती. टेकचंदने पाल्हाळ टाळलं. "वरती कळवते," म्हणाला आणि पुढे सरकला.

हे वाक्य बाजारात त्याच्यापेक्षा जोरात पळालं. चौथ्या माणसाला यंत्र लागेपर्यंत, ऊन जास्त भरलं तर सरकारी भत्ता मिळणार होता. सातव्यापर्यंत, आवाज जास्त भरला तर दंड होणार होता! टेकचंदला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दहा यंत्रं लावून तो बहिणीकडे जेवायला गेला, आणि जेवण झाल्यावर अंमळ लवंडलाही.

अडीच वाजता परत येताना त्याला वाटलं, बाजार उठला. इतकं चिडीचूप! पण माणसं होती तशीच होती. सत्यभामाबाईंनी ताडपत्री काढून टाकली होती आणि पापड वाळत घालावा तसा खांदा उन्हाला दिला होता. गिऱ्हाईक भाव विचारी, त्या बोटं दाखवत. उंदराचं औषध विकणाऱ्या श्यामरावने भोंगा बंद केला होता आणि औषधाचा गुण पटवायला स्वतःच रस्त्यात उताणा पडून हातपाय वर केले होते. एक म्हातारा घाबरून त्याच्या तोंडावर पाणी मारत होता.

"मावशी, सावलीत बसा! भोवळ येईल ना!"

सत्यभामाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल बे! दंड करतं का मले?"

"कायचा दंड?"

"अन् भत्ता कधी येते?"

तेवढ्यात बांगड्यावाल्या गोदावरीबाई आल्या. त्यांना यंत्र मिळालं नव्हतं. "आमच्या अंगावर काय चांदणं पडते का? आमाले काहून नाई लावलं?" त्यांच्यामागे आणखी वीस-पंचवीस जण. सगळं भांडण कुजबुजत चाललं होतं, हातवारे मात्र फुल्ल आवाजात!

टेकचंदचा धीर सुटला. त्याने श्यामरावचा भोंगा उचलला. "ऐका! भत्ता नाई! दंडबी नाई! नुसतं मोजाचं होतं!"

मग सकाळपासून दाबून धरलेला अख्खा बाजार एकदम फुटला. सगळ्यात पुढे सत्यभामाबाई. "माहा सांभार पाहा! वाळून तंबाखू झाला! आता तूच खाय!"

संध्याकाळी पिशवीभर सुकलेला सांभार घेऊन टेकचंद घरी पोचला, तोच फोन आला. "टेकचंद, हे आकडे काय आहेत? सगळी माणसं भर उन्हात आणि आवाज वाचनालयासारखा! मग पावणेतीनला काय झालं? स्फोट वगैरे?"

"नाही मॅडम. मी बोललो."

सगळं पुन्हा करायचं ठरलं. पुढच्या बाजारी मात्र कोणी त्याला जवळ उभं करेना. दुपारी तो कसनुसा होऊन सत्यभामाबाईंसमोर उभा राहिला.

"माहा खांदा भेटणार नाई," त्या म्हणाल्या. "पण मागच्या बाजाराचा माल तुह्यापाई गेला. आज बस इथं अन् वीक."

टेकचंद ताडपत्रीच्या कडेला, उन्हातच बसला. रिकाम्या हाताने परत जाण्यापेक्षा एक तरी नमुना न्यावा म्हणून त्याने दोन्ही यंत्रं स्वतःलाच लावली आणि मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये कामाच्या रकान्यात 'भाजी विक्री' लिहिलं. पहिली हाळी त्याच्या घशातच राहिली. दुसरी जरा बाहेर पडली. तासाभराने तो सत्यभामाबाईंच्या तोडीस तोड ओरडत होता.

यंत्रांचे आकडे तिकडे लगेच दिसत असावेत, कारण साडेचारला मॅडमचा फोन आला. "एकच नमुना, पण अस्सल! असे आणखी नऊ आणा, कंत्राट वाढवून देते. पण या भाजीवाल्याला टोपी घालायला सांगा. आणि फार ओरडतो हो तो, कान तपासून घ्यायला सांगा."

"सांगतो मॅडम," टेकचंद म्हणाला.

"काय म्हंते तुही मॅडम?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"डॉक्टरले दाखवा म्हंते."

"कोणाले?"

"मले."

सत्यभामाबाईंनी त्याच्या भाजून निघालेल्या नाकाकडे नीट पाहिलं आणि टोपली पुढे सरकवली.

"आंदी ते मेथी खपव. मंग जाजो."