नागूकाकांचा ओळंबा

सोलापुरात कुठल्याही घराचा बँकेनं लिलाव काढला, की ते बघायला पहिले हजर होतात ते नागूकाका. स्वतः भाड्याच्या एका खोलीत राहतात. खिशात भिंत सरळ आहे का बघायचा गवंड्याचा ओळंबा. आत शिरले की भिंतीवर टिचकी मारायची, कान लावायचा आणि आलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "पोकळ हाय की ही." जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार?

मी लिलावांविरुद्ध पत्रकं वाटतो. मला वाटायचं, म्हातारा भाव पाडणाऱ्या दलालांचा माणूस आहे. तसं तोंडावर विचारलंही. ते म्हणाले, "तुज्या कागदानं एक तरी गिऱ्हाईक माघारी गेलं का रं?"

गेलं नव्हतं. त्यांच्यामुळे मात्र जात होतं. बोलीच आली नाही की बँकेला लिलाव नव्यानं काढावा लागतो. तेवढीच घरच्यांना हातपाय मारायला सवड.

हे शहाणपण त्यांना उशिरा आलं. त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं घर लिलावाला निघालं, तेव्हा माणसं बघायला येणार म्हणून काकांनी चुना मारला, काकूंनी दारात रांगोळी काढली. गिऱ्हाइकांना चहा पाजून पाया किती खोल घेतलाय तेही काकांनी कौतुकानं सांगितलं. पहिल्याच फेरीत घर गेलं. पेपरात नावपत्ता छापून अब्रू काढणाऱ्या बँकेतल्या एकानंही त्यांना थांबवलं नाही. कशाला थांबवतील?

गेल्या उन्हाळ्यात त्याच घरावर पुन्हा नोटीस लागली. घेणाऱ्याचे टॉवेलचे माग बंद पडले होते. मला वाटलं, आता काका येणार नाहीत.

आले. घेणाऱ्याची बायको दोन मुलींना धरून कोपऱ्यात उभी होती. काकांनी ओळंबा सोडला. तो भिंतीला लागून उभा राहिला, भिंत तसूभरही कलली नव्हती. काकांनी तो चटकन मुठीत घेतला.

"पाया खचलाय," ते गिऱ्हाइकांना म्हणाले. "बांदनारा लई अडानी हुता."

गिऱ्हाइकं गेली. त्या लिलावाला बोली आली नाही. पण हे पुढचं. त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी काकांना शोधत घरामागे गेलो. ते भिंतीवर तळहात ठेवून उभे होते.

"मनावर घिऊ नको," ते त्या भिंतीला म्हणत होते.