उपरण्याखालचं मत

"ज्यांना कायदा हवा आहे, त्यांनी हात वर करा," कमिटीचे साहेब तिसऱ्यांदा म्हणाले, आणि पारापुढं बसलेल्या अख्ख्या रेणखेड गावानं हात मांडीखाली घेतले.

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. हा मेंढरं राखणारा माणूस दोन वर्षं मेंढरांपेक्षा कायद्याच्याच मागं जास्त हिंडला होता. गावचा कारभार गावानं करावा, त्यासाठी पंचायतीचा कायदा व्हावा, एवढंच त्याचं मागणं. निजामाचं राज्य गेलं, तरी विहिरीत पडलेलं बाभळीचं खोड काढायला जिंतूरच्या तहसिलीची मंजुरी लागत होती, आणि ती काही येत नव्हती. तोवर गाव खोडासकट पाणी पीत होतं. बोरीच्या सभेत सटवाजीनं छाती ठोकून सांगितलं होतं, "आमच्या गावात या, समदे हात वर करतेत का न्हाई बघा!" म्हणून तर लोकांचं मत अजमावायला हैदराबादेहून निघालेल्या साहेबांची जीप इकडं वळली होती. आज हात वर झाले नाहीत, तर 'या लोकांना कायदा नको' असा शेरा पडणार, आणि सटवाजीला पुन्हा कुठल्या सभेत तोंड उघडायची सोय राहणार नव्हती.

कारण समोरच बसलं होतं. कायदा झाला तर ज्यांचा हुकूम संपणार होता, ते माणिकराव पाटील पारावर टेकून एकेकाकडं नीट बघत होते.

"करा की रे हात वर," ते मोठ्या मायेनं म्हणाले. "मी कुनाला धरलंय का?"

त्यासरशी जे दोनचार हात थोडे हलले होते, तेही धोतराच्या सोग्यात शिरले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"मग मी तसंच लिहू?"

"थांबा जरा साहेब!" बायांमधून सटवाजीची बायको नर्मदाबाई बोलली. "अवो, बैल इकताना मानूस भाव वरडून सांगतो का? उपरण्याखाली बोटं धरतो. मत बी तसंच घ्या की."

साहेब शिकलेले होते, पण समंजसही होते. ठरलं असं, की एक बोट धरलं तर कायदा हवा आणि मूठ दाबली तर नको. साहेब लिंबाखाली घोंगडीवर बसले, हातावर सटवाजीचं उपरणं पडलं, आणि खुणा करायला शेजारी कारकून बसला. बायांनी मात्र उपरणं नाकारलं. "आमाला काय झाकायचंय? पायजे म्हनून लिवा," असं सांगून त्या मोकळ्या झाल्या. खोडाचं पाणी त्याच शेंदत होत्या.

रांग सुरळीत चालली होती, तेवढ्यात ग्यानबा आला. हा गृहस्थ बैल विकायला बोरीच्या बाजाराला निघालेला. सभेचा त्याला पत्ताच नव्हता. त्यानं पाहिलं तर झाडाखाली कोटातला माणूस, हात उपरण्याखाली आणि पुढं रांग. गिऱ्हाईक दारात आल्यावर बोरीपर्यंत पायपीट कशाला करायची? बैल झाडाला बांधून तो मुकाट्यानं रांगेत लागला.

पाळी येताच त्यानं बैलाचा भाव म्हणून आधी चार बोटं धरली, मग दोन. साहेबांना वाटलं, हा बिचारा फारच कळकळीनं 'हो' म्हणतोय. त्यांनीही प्रेमानं त्याची बोटं दाबली.

"ठरलं!" ग्यानबा ओरडला आणि त्यानं बैलाचं दावं नेऊन जीपला बांधलं. "लय गुनाचं जनावर घेतलंत साहेब. आता पैशाचं बघा."

"कसलं जनावर?"

"बोटं दाबली ना तुमी? मग सौदा झाला. दाबलेलं बोट ह्या मुलखात कुनी माघारी घेत न्हाई."

रांगेतल्या लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या. साहेब कानापर्यंत लाल झाले. "लिहून घ्या," ते कारकुनावर गरजले, "हे गाव कसल्याही अधिकाराच्या लायकीचं नाही!" आणि तरातरा जीपकडं गेले. बैल चाकापुढं फतकल मारून बसला होता. सटवाजीचं फक्त रडायचं बाकी होतं. दोन वर्षांची मेहनत एका बैलाखाली गेली होती.

"पाटील, तुम्ही सरकारचे माणूस," साहेब म्हणाले. "हे मिटवा."

"माझ्या हातात काय हाय? रीतसर जिंतूरला लिवावं लागतंय. मंग चौकशी लागती. निकाल होईस्तोवर बैल घेनाऱ्याच्या ताब्यात ऱ्हातो. म्हंजी तुमच्या."

"किती दिवस?"

पाटलांनी विहिरीकडं पाहिलं. "खोड आजून आतच हाय."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "अहो, मग गावानंच काय ते ठरवा ना! जिंतूर कशाला मध्ये?"

हेच वाक्य सटवाजी दोन वर्षं गावोगाव ओरडत होता. आता ते साहेबांच्या तोंडून आलं होतं. मग त्यानं चार जाणती माणसं उठवून जागच्या जागी पंच बसवले. त्यांतल्या म्हाताऱ्या मुंजाजीनं एकच गोष्ट विचारली.

"साहेब, बैलाचे दात बघितले का?"

"दात? मी बैलच पाहिला नव्हता!"

"मंग सौदा न्हाई. दात बघितल्याबिगर बोटं दाबून काय उपेग? ग्यानबा, सोड दावं."

ग्यानबा कुरकुरला, पण पंचांपुढं त्यानं दावं सोडलं. वेळ लागला तो बैलाला उठवायला.

साहेब घाम पुसत परत घोंगडीवर बसले. या वेळी बोटं धरू देताना त्यांनी स्वतःची बोटं अगदी ताठ ठेवली. रांग संपली आणि शेवटी माणिकराव पाटील उठले. त्यांनी उपरण्याखाली हात घातला तेव्हा सटवाजीनं डोळेच मिटले. एक मूठ तर ठरलेली होती. पाटलांच्या भीतीनं आणखी किती पडल्या असतील, याचाच त्याला घोर लागला होता.

कारकुनानं खुणा दाखवल्या. साहेब उठून उभे राहिले.

"मूठ एकही नाही. सगळ्या गावाला कायदा हवा आहे. तसं मी लिहितो. लवकर करा, असंही लिहितो."

जीप धुरळा उडवत गेली. सटवाजीला आनंदानं काय करावं ते कळेना. मग हळूहळू लोकांच्या डोक्यात उजेड पडला आणि एकेक मान पाटलांकडं वळू लागली. सटवाजी पुढं झाला.

"पाटील, म्हंजी तुमी बी..."

पाटलांनी त्याचा दंड धरून त्याला पाराच्या मागं ओढलं.

"हळू बोल की मर्दा! जिंतूरला कळलं तर माझं काय ऱ्हाईल?"