केरबाचा भोपळा आणि गोदाक्काची तक्रार

एका जंगलात, जिथे मोबाइलला रेंज हवी असेल तर वारुळावर चढावं लागे, तिथे केरबा नावाचा साळिंदर राहत होता.

बाळांनो, केरबाला एकच वेड होतं. आपण घरी बसून गाणं करावं आणि त्यावर सगळ्या जंगलाने नाचावं. जंगलात लग्न निघालं की नदीपलीकडून मोरांचा बँड यायचा. मोर नाचायचे आणि बाकीचे नुसते बघायचे. "लग्न आपलं आणि नाच त्यांचा, हे काय?" केरबा म्हणायचा.

त्याच्याकडे सामान बेताचंच होतं. सहलीच्या माणसांनी टाकून दिलेला, काच तडकलेला मोबाइल. एकाच कानात वाजणारा हेडफोन. ठेक्यासाठी वाळका भोपळा आणि छमछम करायला स्वतःचे काटे. तो ठेका एकदा वाजवायचा, मोबाइलमध्ये तोच पुन्हा पुन्हा जोडायचा आणि वर काट्यांची छमछम चढवायचा. आवाज घुमू नये म्हणून बिळात डोक्यावरून गोधडी घ्यायचा. त्याच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं. तुझ्या हळदीला माझंच गाणं वाजेल, असा शब्द त्याने तिला दिला होता.

अडचण एकच होती. बिळाच्या तोंडाशी गोदाक्का टिटवी अंडी उबवत बसली होती. टिटवी काही घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खडे सारते आणि तिथेच अंडी घालते. भोपळा वाजला की जमीन हादरायची आणि अक्काची दुपारची झोप मोडायची.

एके दुपारी अक्का अंड्यांवरून उठून बिळात डोकावली.

"केरबा, ही काय वेळ झाली? जनाची नाही, मनाची तरी ठेव."

"अक्का, एवढं एक कडवं होऊ दे."

"कडवं कसलं? माझी अंडी गडगडायला लागलीत. बंद कर म्हणते ना मी. बंद कर, बंद कर, बंद कर."

केरबाने बंद केलं नाही. मग अक्का पंचायतीत गेली. याला दलदलीत हाकलून द्या, अशी तिची मागणी होती. दलदलीत साळिंदराला बीळ खणता येत नाही.

सरपंच दाजीबा गवा म्हणाले, "आवाजाचा त्रास किती, ते ऐकल्याशिवाय कसं कळणार? लाव बघू."

केरबाने मोबाइल रिकाम्या माठात ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. मग गाणं लावलं. भोपळा घुमला. काटे छमछमले. आणि मधेच, अगदी ठेक्यावर, अक्काचा आवाज आला, "बंद कर, बंद कर, बंद कर." गोधडीला भोक होतं, त्यातून अक्का गाण्यात शिरली होती. केरबाने तिला बाहेर काढायची खूप खटपट केली होती, पण फुकटच्या अ‍ॅपमध्ये ती सोय नव्हती.

दाजीबांची शेपटी हलली. मग खूर हलले. पंचांमधलं म्हातारं कासव मान आत-बाहेर करू लागलं.

"त्रास आहे," गाणं संपल्यावर दाजीबा धापा टाकत म्हणाले. "पण नक्की किती, ते एकदा ऐकून समजत नाही. पुन्हा लाव."

संध्याकाळपर्यंत पंचायत त्रासाची खात्री करून घेत होती.

केरबा अक्काजवळ गेला. "अक्का, चुकलं माझं. तुला न विचारता तुझा आवाज घेतला."

अक्काने माठाला कान लावून गाणं पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "तिसऱ्या 'बंद कर'ला माझा आवाज दबलाय. जरा पुढे घे."

हळदीला सारं जंगल नाचलं. नवरी नाचली, रानडुकरं नाचली, मोरसुद्धा पिसारा गुंडाळून गर्दीत शिरले. पुढे अक्काची पिल्लं अंड्यांतून बाहेर आली, तीही टुणटुण उड्या मारतच.

मग जंगलाने केरबाचा सत्कार केला. शहरातला भारी माइक भेट दिला आणि त्याचं बीळ आतून कापसाने मढवून दिलं. आता बाहेरचा कसलाही आवाज आत येईना. केरबाने नवं गाणं केलं. स्वच्छ, नितळ. सगळ्यांनी ते बसून ऐकलं. "छान आहे," म्हणाले. नाचलं कुणीच नाही.

केरबा अक्काकडे धावला. "अक्का, परत एकदा ओरड ना."

"ओरडते की." अक्काला आता प्रत्येक लग्नाचं आमंत्रण येत होतं. पिल्लं गुणी निघाली होती. झोप भरपूर होत होती. तिने माइकसमोर मान वेळावली आणि गोड आवाजात म्हटलं, "बंद कर हं, केरबा."

"जरा रागाने, अक्का."

"राग कशाचा रे? इतका चांगला शेजार कुणाला मिळतो?"

केरबा खाली मान घालून परतला. रात्रभर त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बिळातला सगळा कापूस उपसून बाहेर फेकला आणि जुना मोबाइल शोधून काढला. दुपारी अक्का पिल्लांना पंखाखाली घेऊन नुकतीच कलंडली होती. केरबाने भोपळा थेट तिच्या उशाशी नेला आणि दणकून बडवला.

पिल्लं दचकून रडायला लागली. अक्का पिसं फुलवून उभी राहिली.

"मेल्या," ती म्हणाली, "तुला काही लाज?"

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मोबाइल पुढे धरला.

"बोल, अक्का. चालू आहे."

तात्पर्य: बाळांनो, शेजाऱ्यांना फार सुखात ठेवू नये, कलेचं नुकसान होतं. भारी माइक कुठेही मिळतो. मनापासून चिडलेली शेजारीण मिळायला मात्र नशीब लागतं, आणि नशीब नसेल तर मेहनत.